झाकणावरचा ठिपका

रंगाच्या दुकानात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. मागच्या खोलीत ती सव्वीस वर्षं रंग मिसळत होती. कुणी भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, कुणी पडद्याचा तुकडा. एकदा तर एक गृहस्थ आपल्या कुत्र्यालाच घेऊन आले आणि घराचं दार त्याच्या कानाच्या रंगाचं हवं म्हणून अडून बसले. तिने कुत्र्याला दारात उजेडात उभं केलं, कान उलटासुलटा करून बघितला आणि तासाभरात डबा हातात दिला. रंग जुळला. तिचा जुळायचाच.

तिचे दोन नियम होते आणि ते मोडणाऱ्याची धडगत नसे. पहिला नियम असा की ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही, दारात नेऊन बघायचा. दुसरा नियम ठिपक्याचा. मिसळलेल्या रंगाचा एक ठिपका डब्याच्या झाकणावर द्यायचा आणि एक डब्याच्या पोटावर. नवीन आलेली माणसं झाकणावर देऊन मोकळी व्हायची. मग ती कडाडायची, "झाकण उनाड असतं रे! आज या डब्यावर, उद्या त्या डब्यावर. पोटावर लाव!" एकाकडून तिने चाळीस डबे परत खाली उतरवून घेतले होते. तो अजून तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतो.

थिनरच्या वासात आयुष्य गेल्यामुळे तिचं नाक मात्र केव्हाच कामातून गेलं होतं. दूध उतू जाऊन करपलं तरी तिला पत्ता लागत नसे. जे काही कळायचं ते डोळ्यांनी.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने लग्न केलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, विधुर, मनाने निर्मळ आणि हाताने धांदरट. तो लिफ्टच्या दारासाठी रंग घ्यायला आला आणि मग काही ना काही निमित्त काढून येतच राहिला. त्याची तेरा वर्षांची मुलगी होती. तिला तो खारू म्हणायचा, कारण ती खारीसारखी साठवण करायची. तिच्या कपाटाच्या खालच्या खणात बंद पाकिटं असत, तांदळाची बिस्किटं, मक्याच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे. ती पाकिटावरची बारीक अक्षरं स्वतः वाचायची, पाकीट स्वतः फोडायची आणि मगच खायची.

त्याला कारणही तसंच होतं. खारूला गव्हाचं वावडं होतं, आणि ते पोटात दुखण्यावर भागणारं नव्हतं. चिमूटभर पीठ गेलं तरी वीस मिनिटांच्या आत ओठ सुजायचे, घसा आवळायचा, श्वास अडायचा. इंजेक्शनचं पेन कायम फ्रिजशेजारच्या खणात ठेवलेलं असे. अंडंही चालत नसे, पण त्याने नुसते चट्टे उठायचे. ती पाच वर्षांची असताना आई वारली आणि आत्या तिला सांभाळू लागली. नऊ वर्षांची असताना आत्याकडे सूप पिऊन ती तीन दिवस दवाखान्यात पडली होती. सुपात काय गेलं हे कुणी तिच्या बापाला कधी नीट सांगितलं नाही. तेव्हापासून बापाच्या हातचं किंवा पाकिटातलं, तिसरं काही तिच्या तोंडात जात नसे.

लग्नाला आठ महिने झाले होते. ठिपकेबाईच्या हातचा एकही घास तिने खाल्ला नव्हता. तिचं वागणं उद्धट मुळीच नव्हतं. "नको, तुम्ही जेवा. मला भूक नाही," असं नीट सांगून ती आत जायची आणि मग खण ओढल्याचा आवाज यायचा. तो आवाज आला की ठिपकेबाईच्या हातातला घास हातातच राहायचा. आई होण्याची हौस तिने कधी धरली नव्हती. पोरीने एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचं पोटभर खावं एवढंच तिला हवं होतं, आणि ते ती कुणाजवळ बोलत नव्हती.

एके दिवशी नवऱ्याने बातमी आणली. खारू कार्टूनमध्ये बघायची ना, ते मोठ्या वाडग्यात तोंड घालून सुर्रकन ओढतात ते जपानी रामेन, ते तिला एकदा खाऊन बघायचं होतं.

"मला काही जमायचं नाही बाबा ते," तो म्हणाला. "मी तिला म्हटलं, हिला विचारू का? तर म्हणाली, विचारून बघा."

"असं म्हणाली? विचारून बघा असं?"

"म्हणजे खांदे उडवून म्हणाली. पण म्हणाली."

ठिपकेबाईला तेवढं पुरलं.

आता तिच्या धंद्यात नमुना नसेल तर रंग जुळवता येत नाही. खरं रामेन तिने जन्मात बघितलं नव्हतं. म्हणून आधी तिने दुकानाच्या मागच्या खोलीत, चहाच्या शेगडीवर, साध्या सोया सॉसचं आणि गव्हाच्या नूडल्सचं अस्सल रामेन करून बघितलं. मालक दोन वाडगे चापून गेले आणि रंगाचं दुकान बंद करून हेच काढू म्हणाले. नमुना डोळ्यांत बसला. मग घरी एकेका गोष्टीला पर्याय शोधायचं काम सुरू झालं आणि त्यात तिचे चार रविवार गेले.

मांसाच्या रश्शाला वाळवलेले मशरूम, वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा आणि काळा होईपर्यंत भाजलेला कांदा, कारण नवऱ्याचे सांधे धरायचे आणि डॉक्टरांनी त्याचं मांस बंद केलं होतं. दाटपणाला बिनसाखरेचं सोया दूध आणि तिळाचं वाटण. उकडलेल्या अंड्याच्या जागी भाजलेल्या भोपळ्याची अर्धी चकती. खरं घोडं अडलं ते नूडल्सपाशी. तांदळाच्या पिठाला ताण कसा तो नाहीच. पहिल्या रविवारी पाण्यात टाकल्या टाकल्या त्यांची पेज झाली. दुसऱ्या रविवारी तुकडे पडले. मग तिने पिठात इसबगोल घातला. तोच तो, लोक पोट साफ व्हायला घेतात तो. पीठ लोण्यासारखं मळलं गेलं, सोऱ्यातून सरळ तारा पडल्या आणि उकळून काढल्यावर एकही तुटली नाही. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसली.

सोया सॉसमध्ये गहू असतो हे तिला पाकीट वाचून वाचून पाठ झालं होतं. त्याच्याऐवजी तामारी घ्यायची. तीही सोयाबीनचीच, पण नुसत्या सोयाबीनची, गव्हाशिवाय केलेली. तामारीचा मोठा कॅन मिळाला. कॅन जड, म्हणून दुकानच्या सवयीने तिने त्यातली थोडी एका छोट्या काचेच्या बाटलीत काढून घेतली. नमुन्यातला उरलेला साधा सॉस टाकवला नाही म्हणून तोही घरी आणून तसल्याच दुसऱ्या बाटलीत भरला आणि दोन्ही बाटल्या उंच फळीवर ठेवल्या. दोन्ही काळे, दोन्ही बाटल्या सारख्या. तिने खारूची नेलपॉलिश मागून घेतली आणि तामारीच्या झाकणावर हिरवा ठिपका दिला, साध्या सॉसच्या झाकणावर लाल. बाटल्यांची पोटं तेलकट होती, ठिपका धरेना. राहू दे, घर आहे, दुकान थोडंच आहे, असं मनात म्हणून ती उठली.

शेवटच्या रविवारी खारूने फ्रिजवर एक कागद लावला. भांडी आधी गरम पाण्याने धुवायची. चमचे नवे हवेत. त्या दिवशी घरात ब्रेड आणायचा नाही. बाबांनी सगळं पुसून घ्यायचं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे सगळं केलं तर मी खाईन. बापाने कागद वाचला आणि बाह्या सरसावल्या. सकाळभर तो घासत होता, पुसत होता, उंच फळ्यांवरून सगळं खाली काढून परत लावत होता. ठिपकेबाई तेव्हा नळापाशी शेवाळ भिजवत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

एक वाजता जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं. तिने तीन वाडग्यांत तळाला मसाला घातला, म्हणजे हिरव्या ठिपक्याच्या बाटलीतला सॉस, तिळाचं वाटण आणि लसणाचं तेल. त्यावर डावाने उंचावरून रस्सा ओतला, नूडल्स सोडल्या, भोपळ्याची चकती ठेवली. स्वयंपाकघरात ट्यूब चालू होती. वाडगा देखणा दिसत होता. तिसरा वाडगा नवऱ्याने उचलून नेला.

खारू आधीच येऊन बसली होती. तिने वाडग्यावर तोंड वाकवून वास घेतला आणि चॉपस्टिकच्या दोन कांड्या उचलल्या. चार नूडल्स वर आल्या. ती फुंकर घालू लागली.

ठिपकेबाई समोर बसली आणि खिडकीतला उजेड वाडग्यात पडला.

कडेला, पांढऱ्या चिनी मातीवर, रश्शाची एक बारीक रेघ उठली होती. मागच्या रविवारी तामारीचा रस्सा याच वाडग्यात तिने बघितला होता. ती रेघ तांबूस होती, विटेकडे झुकणारी. आजची पिवळट होती. फरक काडीचा, दुसऱ्या कुणाला दाखवूनही दिसला नसता. पण असली पिवळी रेघ तिने बघितली होती आणि कुठे बघितली होती तेही तिला ठाऊक होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत, मालकांच्या वाडग्यात.

दूध जास्त पडलं असेल. ढग आला असेल. भास असेल. आठ महिन्यांनी पोर समोर बसलीय, कांड्या हातात आहेत, आणि आता तोंड उघडलं तर पुन्हा ही पोर जन्मात आपल्या हातचं खाणार नाही. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं तेवढ्या वेळात खारूने फुंकर थांबवली. नूडलचं टोक ओठाला लागलं.

"थांब!" ठिपकेबाई एवढ्याने ओरडली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "खाऊ नकोस! थुंक! टाक ते खाली!"

तिचा हात टेबलावरून गेला, वाडगा कलंडला आणि रस्सा नवऱ्याच्या मांडीवर सांडला. तो ओय ओय करत उठला. खारूच्या हातातल्या कांड्या खाली पडल्या. ती तशीच बसून राहिली, ओठ घट्ट मिटून, डोळे विस्फारून.

"तोंड उघडू नकोस. आधी ओठ धू. साबणाने. मग चूळ भर. गिळू नकोस काही." ठिपकेबाईने तिला दंडाला धरून बेसिनपाशी नेलं. आठ महिन्यांत तिने पोरीला पहिल्यांदाच असा हात लावला होता, आणि ते त्या वेळी दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"अगं पण झालं काय?" नवरा ओरडत होता. "सगळं धुतलंय मी! एकूण एक!"

"काय काय धुतलंत?"

"सगळं म्हणजे सगळं. वरच्या फळीवरच्या बाटल्यासुद्धा. झाकणं चिकट झाली होती, ती काढून गरम पाण्यात..." एवढं बोलून तो थांबला. त्याने ओट्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघितलं, मग फळीवरच्या लालकडे. कोणतं झाकण कुठल्या बाटलीला लावलं ते त्याला आठवेना.

सव्वीस वर्षं ती जे दुसऱ्यांना ओरडून सांगत आली होती ते तिच्याच स्वयंपाकघरात घडलं होतं. तिला रडू आलं नाही, स्वतःची भयंकर चीड आली. तिने पेन काढून टेबलावर ठेवलं, दवाखान्याचा नंबर फोनवर लावून तयार ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. एक वाजून बारा मिनिटं.

खारू खुर्चीवर हातात छोटा आरसा घेऊन बसली. बाप ओल्या पँटने तिच्या पायाशी बसला.

"घसा?"

"नाही."

"खाज?"

"नाही, बाबा. सारखं विचारू नका."

सव्वा वाजला. ठिपकेबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला बसवत नव्हतं. खारूच्या ओठाची डावी कड जरा लाल दिसत होती. साबण जोरात चोळल्यामुळे असेल किंवा नसेल. तिने पेनाची टोपी सैल करून ठेवली. पोरीच्या ओठांवरून तिने नजर हलवली नाही. अख्ख्या आयुष्यात तिने कुठलाच रंग असा बघितला नव्हता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "बाबांची नाही. मी बाटलीच्या पोटावर ठिपका दिला नाही. आळस केला. आणि तो सॉस घरात ठेवायलाच नको होता. मी तुझ्यापुढे खोटं बोलणार नाही. मला नक्की माहीतसुद्धा नाही चुकीचं गेलंय की नाही. नुसता रंग वेगळा वाटला."

खारू आरशात बघत राहिली. एक वीस झाले.

"आत्याला माहीत होतं," ती एकदम म्हणाली.

"काय माहीत होतं?" बापाने मान वर केली.

"सूप दाट व्हावं म्हणून तिने कणीक लावली होती. मी दोन चमचे प्यायले तेव्हा तिला आठवलं. तिने माझ्याकडे बघितलं, असं, तोंडावर हात ठेवून. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती काहीच बोलली नाही. परत पोळ्या लाटायला लागली." आरशावर तिचा श्वास पडला, तो तिने बाहीने पुसला. "तिला वाटलं असेल, थोड्याने काय होतंय. मी अख्खी वाटी प्यायले."

बापाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चार वर्षं ही गोष्ट पोरीच्या पोटात होती आणि त्याला तिचा पत्ता नव्हता.

एक वाजून बत्तीस मिनिटांनी ठिपकेबाईने पोरीचा ओठ खिडकीशी नेऊन बघितला. लाली गेली होती. तरी तिने आणखी दहा मिनिटं जाऊ दिली. मग ती आत गेली, तामारीचा कॅन उचलून आणला आणि त्यातला एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. शेजारी हिरव्या झाकणाच्या बाटलीतला एक थेंब टाकला. कागद तिने खिडकीत धरला. एक थेंब कडेला तांबूस पसरला, दुसरा पिवळट.

"अय्या," खारू म्हणाली. "खरंच वेगळे आहेत."

"आहेत ना?" ठिपकेबाईने भिंतीचा आधार सोडला आणि ती जमिनीवरच बसली.

"रस्सा खराब झालाय का? पातेल्यातला?"

"नाही. सॉस फक्त वाडग्यात होता. डाव उंच धरला होता."

"नूडल्स?"

"कच्च्या आहेत अजून. झाकून ठेवल्यात."

खारू उठली. तिने कॅनवरची सगळी बारीक अक्षरं वाचली, बोट फिरवून, दोनदा. दोन्ही बाटल्या तिने बापाच्या हातात देऊन त्याला खाली कचऱ्यात टाकायला पिटाळलं. मग कपाटातला चौथा वाडगा काढून तिने टेबलावर ठेवला.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली. "तू कर. मी कॅन धरते."

ठिपकेबाईने पाणी उकळत ठेवलं. त्या दुपारी तिच्या हातून नूडल्स जरा जास्त शिजल्या, भोपळा गार होता आणि तिळाचं वाटण संपल्यामुळे रस्सा पातळ राहिला. वाडगा खिडकीत नेऊन तिने कड बघितली. तांबूस होती. मगच तिने तो पुढे ठेवला.

पहिला घास पोटात गेला. घड्याळाचा काटा सरकत होता आणि खारू सुर्र सुर्र आवाज करत खात होती. वीस मिनिटं व्हायच्या आत वाडगा रिकामा झाला. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. तिच्या नाकावर घाम आला होता, तो रश्शाच्या वाफेचा होता.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जास्त घाल."

मग तिने आतून नेलपॉलिश आणली. कॅनच्या झाकणावर एक हिरवा ठिपका दिला, पोट पुसून कोरडं करून त्यावर दुसरा दिला. ब्रश अजून ओला होता. तिने ठिपकेबाईचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि अंगठ्याचं नख हिरवं रंगवलं. नीट, कडेला न सांडता.

"हे कशाला गं?"

"असंच," खारू म्हणाली आणि फुंकर घालू लागली.

दुकानात आता संध्याकाळी हात थिनरने पुसताना ठिपकेबाई डाव्या हाताचा अंगठा मुठीबाहेर, लांब धरते. मालकांनी एकदा विचारलं, नखाला रंग लागलाय, पुसत का नाही? ती म्हणाली, तो आपल्या दुकानातला नाही.